थंडी येतेय, गीझर उठवा आणि एसी झोपवा (गोव्यातल्या घरांसाठी)

गोव्यात थंडीची तयारी म्हटलं की घाटावरचे लोक हसतात, हसू देत. पणजीत जानेवारीतसुद्धा पहाटेचा पारा 20 च्या आसपास आणि दुपारी 31-32, त्यामुळे रूम हीटर किंवा हॉट अँड कोल्ड एसी कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणा. वाळपई, सांगेच्या आतल्या गावांत पहाटे बऱ्यापैकी गारठतं, पण तिथेही एक जाड गोधडी पुरते. आपल्याकडचं खरं काम वेगळं आहे. पावसाने चार महिने घरात आणि एसीत जो ओलावा भरून ठेवलाय तो काढायचा, समुद्राकडून आलेलं मीठ धुवायचं, आणि हे एसी बंद करायच्या आधी करायचं, मार्चमध्ये नाही. मार्चमध्ये मेकॅनिक फोनच उचलत नाहीत.

आधी गीझर, कारण दिवाळी आधी येते. नरकासुर जाळून पहाटे पोरं घरी येणार, अंगाला तेल लावून आंघोळीला रांगेत उभी राहणार आणि तेव्हाच गीझर थंड, असं नको असेल तर चार दिवस आधीच एक साधी टेस्ट करा. 15 लिटरची टाकी आणि 2000 वॅटचा एलिमेंट असेल तर 25 अंशांचं पाणी 60 अंशांवर न्यायला हिशेबाने 18-20 मिनिटं लागतात. थर्मोस्टॅट 60 वर ठेवून घड्याळ लावून बघा, दिवा बंद व्हायला अर्ध्या तासाच्या पुढे गेलं तर एलिमेंटवर क्षार बसलेत असं समजा (बोअरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर शंकाच नको). मग माणूस बोलवून एलिमेंट साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड पण काढून बघायला सांगा. हा रॉड स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. रॉडची नुसती तार उरली असेल तर बदला, नव्या टाकीपेक्षा फार स्वस्त पडतो.

अर्थिंगकडे नीट बघा, विशेषतः जुन्या चिऱ्याच्या घरांत. आता जमीन ओली आहे म्हणून अर्थिंग चांगलंच दाखवेल, पण एप्रिलपर्यंत आपली तांबडी माती कोरडी ठणठणीत होते आणि तेच अर्थिंग ढिलं पडतं, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा. बोर्डावरच्या आरसीसीबीला (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) टेस्टचं छोटं बटण असतं ते दाबा, खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गीझर लावू नका. तो 30 मिलिअँपचा असावा, एमसीबी (जास्त लोडला पडणारा स्विच) म्हणजे आरसीसीबी नव्हे, शॉकपासून एमसीबी वाचवत नाही.

गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेरच हवा, आणि खिडकीला जाळी मारून वर प्लास्टिक लावलं असेल तर ते आजच काढा. गॅस जळताना हवा कमी पडली की होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस आंघोळ करता करता खाली कोसळतो.

आता एसी. आपल्याकडे बहुतेक लोक नोव्हेंबरात एके दिवशी रिमोट खाली ठेवतात आणि थेट शिमग्याला उचलतात, मग पहिल्याच रात्री खोलीभर कुबट वास आणि सगळ्यांना शिंका. कारण बंद करताना आतला कॉइल आणि ट्रे ओलाच राहिलेला असतो. पुढची झडप उघडून टॉर्च मारा आणि आतला तो लांब गोल ब्लोअर बघा, पात्यांवर काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे आणि ती फिल्टर धुवून जात नाही, जेट पंपाने आतून धुवून घ्यावं लागतं. ड्रेन पाइपमध्ये शेवाळ धरतं, त्यात पाणी सोडून ते बाहेर नीट पडतंय का बघा. सगळं धुवून झालं की एसी नुसत्या फॅन मोडवर दोन-तीन तास चालवा, दुपारी, खिडकी उघडी ठेवून. मगच एमसीबी आणि स्टॅबिलायझर बंद करा, रिमोटचे सेल काढा.

बाहेरच्या युनिटला मीठ खातं. मिरामार, कळंगुट, कोलव्यासारख्या ठिकाणी तर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या हाताला लागल्या तरी पिठासारख्या झडतात. मेन बंद करून गोड्या पाण्याने, साध्या पाइपने, हलक्या धारेने धुवा, धार तिरकी मारू नका, पात्या वाकतात. भिंतीवरचा ब्रॅकेट आणि नटबोल्ट पण बघा, पोपडे सुटले असतील तर खरवडून रेड ऑक्साइड मारा, आणि बोल्टच पोकळ झाला असेल तर स्टेनलेस स्टीलचा घाला, खाली माणसं चालतात. युनिट प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळणारे लोक बघितलेत, त्याने आत घाम धरतो आणि गंज डबल. वरून पत्रा किंवा झाकण पुरे, बाजू मोकळ्या. पाइप भिंतीतून जातो त्या भोकाला पुट्टी भरा, नाहीतर मुंग्या आणि पाली आत संसार थाटतात, पाल पीसीबीवर (एसीतल्या सर्किट बोर्डावर) मेली की खर्च तुमचा.

सर्व्हिसला येणारा दरवर्षी ‘गॅस कमी आहे’ म्हणतो, माझ्याकडे येणारा तर पायऱ्या चढतानाच म्हणायचा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद सर्किटमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता टॉपअप म्हणजे पैसे हवेत. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे दाखव म्हणा, दाखवले तर आधी जोड दुरुस्त, मग गॅस.

सोलर हीटर असेल तर गच्चीवर जाऊन ट्यूबवरचं शेवाळ आणि धूळ पुसा, सकाळी लवकर.