पहिली जुनी गाडी घेऊन स्वतःच दुरुस्त करणार आहात? या चुका टाळा

बडोद्यात जुन्या गाडीचं वेड लागायला निमित्त लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात व्हिंटेज गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा दांडिया बाजार-रावपुऱ्यातली कॉलेजची पोरं परत परत जाऊन आली. अशीच पोरं मग लाखाच्या आतबाहेर एखादी झेन, सँट्रो नाहीतर मारुती आठशे उचलतात आणि रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभी राहतात. चांगलंच आहे. पण त्यांच्या हातून होणारे घोटाळे पाहिले तर मुळं दोनच निघतात: गाडी डोळ्यांनी घेतली जाते आणि दुरुस्ती अंदाजाने होते. पाना धरता न येणं ही त्या मानाने किरकोळ अडचण. तो हात आपोआप बसतो.

पुरातली गाडी ‘एकदम क्लीन’ म्हणून घेणं

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. २०१९ मध्येही शिरलं होतं. समा, अकोटा भागात उभ्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशा गाड्या विम्यात निकाली निघाल्या की लिलावात जातात आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून, नवी सीटकव्हरं चढवून पुन्हा विक्रीला येतात. बऱ्याचदा लांबच्या शहरात, पण दर वेळी नाही.

दहा-बारा वर्षांच्या गाडीत सगळं मॅटिंग कोरं आणि आत परफ्यूमचा भपकारा असेल तर तिथेच सावध व्हा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोज वापरात न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहून जाते, ती धुवायचं कुणाला सुचत नाही. सीटचे रूळ खालून पाहा. स्टेपनी उचलून खड्ड्यात गाळ आहे का बघा. कार्पेटचा कोपरा वर करून खालचा फोम बोटाने दाबा. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरींचे जोड तपासा; पिनांवर हिरवट थर दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

इंजिन पुरातून वाचू शकतं, वायरिंग क्वचितच वाचतं. आज काच उतरत नाही, उद्या हॉर्न आपोआप वाजतो, परवा गाडी सुरूच होत नाही. असा दोष रोज जागा बदलतो. शिकणाऱ्याने अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिच्यावर काहीच शिकता येत नाही. केलेल्या कामाने फरक पडला की योगायोगाने, हेच कळत नाही.

आणि स्वतःची गाडी कधी पाण्यात सापडली तर पाणी ओसरल्यावर ‘बघू चालू होते का’ म्हणून सेल्फ मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साफसफाईवर भागणारं काम थेट इंजिन खोलण्यावर जातं. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, एअर फिल्टर ओला आहे का पाहा, डिपस्टिकवरचं, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरचं, तेल दुधाळ झालंय का ते बघा. मग गाडी ओढून न्या.

स्वस्त मिळतेय म्हणून मोठी गाडी घेणं

हालोल आपल्यापासून तासाभरावर. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला आणि त्या वर्षाअखेर कंपनीने भारतातली विक्रीही थांबवली. त्यामुळे त्यांच्या शेव्हरोलेच्या डिझेल क्रूझसारखी ताकदवान गाडी आज कमी पैशांत मिळते आणि पोरांचा जीव तिच्यावर जातो. गाडी दणदणीत आहे, वाद नाही. पण पहिली गाडी म्हणून नको. टर्बो, इंजेक्टर, इलेक्ट्रॉनिक्स या सगळ्यात एकेक पार्ट चुकला तरी खर्च मोठा, आणि काही पार्टसाठी शोधाशोध वेगळीच.

मारुती आठशेचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, जुनी अल्टो, झेन, सँट्रो यांच्यावर हात बसवा. बॉनेटखाली हात घालायला जागा आहे, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि मकरपुऱ्यापासून छाणीपर्यंत कोणताही मिस्त्री अडल्यावर दोन गोष्टी सांगू शकतो. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली आठशे रस्त्यावर आली आणि उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं. तीस वर्षांत या गाडीला काय काय होऊ शकतं ते सगळं कुणाला ना कुणाला होऊन गेलेलं आहे. शिकणाऱ्याला याहून काय हवं?

न मोजता पार्ट बदलत सुटणं

सगळ्यांत महाग चूक हीच. आमच्या इमारतीतल्या एका मुलाची सँट्रो सकाळी नुसतं टक्-टक् करायची.

“काका, नवी बॅटरी टाकली तरी तेच.”

“मोजलंस?”

“काय मोजायचं? बॅटरीच गेली होती म्हणाले. आता अल्टरनेटर बदला म्हणतात.”

अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग.

बॅटरी नवीन, अल्टरनेटर ठणठणीत. बिघडली होती ती इंजिनपासून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी. गंजून अर्ध्या तारांवर लटकत होती. दोष शे-दोनशे रुपयांचा, आणि अल्टरनेटरचे हजारो रुपये थोडक्यात वाचले.

व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत येतो. गाडी घेतल्यावर पहिली खरेदी ती करा, अलॉय व्हील नंतर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर आपलं काम करतोय, त्याच्या वाटेला जाऊ नका. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थ खराब. दोन मिनिटांचं काम.

गाडी गरम होण्याचंही तसंच. बडोद्याच्या मे महिन्यात काटा चढला की पहिला सल्ला मिळतो, ‘थर्मोस्टॅट काढून टाक’, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड करणारं पाणी अडवून ठेवणारा व्हॉल्व्हच काढ. गॅरेजवालाही ‘थई जशे’ (होऊन जाईल) म्हणून काढून देतो. मुळीच काढू नका. थर्मोस्टॅट नसलं की इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते आणि मूळ रोग झाकलेला राहतो. त्याऐवजी गाडी कुठे तापते ते बघा. काळा घोडा सर्कलच्या सिग्नलवर तापते आणि एक्सप्रेस वेवर शांत असते, तर संशय पंख्यावर: मोटर, फ्यूज, रिले, नाहीतर तापमान सांगणारा स्विच. बहुतेक गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायला हवा, म्हणून तपासणी घरबसल्या होते. उलट, शहरात बरी आणि हायवेवर वेग धरला की तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, नाहीतर वॉटर पंप दमलाय. कूलंट बाहेर कुठेच गळत नाही आणि तरी कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतायत, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. ते पहिल्या वर्षात एकट्याने करू नका, पण शेजारी उभं राहून बघा.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरत राहणंही थांबवा. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आणि गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण? अर्धा-पाऊण तास हातच लावू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. झाकण सैल झालं की त्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि थेट तोंडावर येते.

आता स्कॅनरबद्दल. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-टू, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं, सॉकेट असतं आणि ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मोबाइलशी जोडता येतो. उपयोगी वस्तू, पण पोरं त्याला निकालपत्र समजतात. पी०१७१ असा कोड आला म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळतंय, एवढंच कळतं. त्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावू नका. एखादा व्हॅक्यूमचा रबरी पाइप तडकून हवा आत घेत असेल, पेट्रोल फिल्टर चोंदला असेल. सेन्सर बिचारा जे आहे ते सांगत असतो.

जॅकवर विसंबून गाडीखाली जाणं

इथे चर्चा नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाणार असेल तर लोखंडी स्टँड, म्हणजे गॅरेजवाले जिला घोडी म्हणतात ती, दोन्ही बाजूंना हवी. विटा चालत नाहीत. वीट वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते. सपाट फरशी, हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळे. पोळातल्या, म्हणजे जुन्या दाट वस्तीतल्या, उतरत्या गल्लीत हे जमत नसेल तर गाडी मैदानात न्या, नाहीतर ते काम गॅरेजला द्या.

छोट्या कामांतले मोठे फटके

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असली तर ठिणग्या उडतात आणि पाना हाताला चटका देतो. हातातली अंगठी, कडं आधीच काढून ठेवा.

तेल बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रबरांमधून तेल भळाभळा बाहेर येतं, तेही बहुधा रस्त्यावर गेल्यावर. बोट फिरवून खात्री करा. नव्या रबराला तेलाचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच आवळा. ड्रेन प्लगवर पाय देऊन जोर लावू नका, आटे गेले तर खालचं तेलाचं चेंबर उतरवून लेथवाल्याकडे जावं लागतं. जुन्या इंजिनचा खडखडाट दाबायला मुद्दाम जाड तेल भरणारे विक्रेते असतात. म्हणून गाडी नेहमी सकाळी, थंड असताना सुरू करून ऐका.

स्पार्क प्लगचे आटे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये असतात, आणि ॲल्युमिनियम माफ करत नाही. इंजिन थंड असतानाच प्लग काढा. बसवताना प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा अडकवून बोटांनी फिरवा. वाकडा धरला तर नळी घसरते, आटे वाचतात. गोटी पाना शेवटच्या आवळणीला.

चाकाचे नट गोल फिरत एकामागून एक आवळू नका. समोरासमोरचे घ्या, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

ब्रेकच्या कामाला पहिल्या वर्षी जाणत्या माणसासोबतच बसा. बाटलीवर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ सोडून दुसरं काही ब्रेक ऑइलच्या टाकीत जाता कामा नये. इंजिन ऑइलचे चार थेंब गेले तरी आतली सगळी रबरं फुगतात. उघडी राहिलेली जुनी बाटलीही वापरू नका, हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं.

काही खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमाने खोचून ठेवा. आईचा स्टीलचा डबा घेऊ नका, तो परत स्वयंपाकघरात जात नाही.

ब्रेक राहिले बाजूला, आधी लाइट आणि सायलेन्सर

हेडलाइटमध्ये १००/९० वॉटचे बल्ब घालणं हा इथला जुना शौक. गाडीची वायरिंग ६०/५५ वॉटच्या हिशेबाने केलेली असते. दोन बल्ब मिळून दहा अँपिअर घेत होते, ते सतरापर्यंत जातात, आणि सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून. आधी स्विच मऊ होतो, मग वायर. मूळ वॉटचेच बल्ब ठेवून वेगळा रिले आणि फ्यूज घातला तर बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि उजेड आपोआप सुधारतो. काळवंडलेल्या काचा पॉलिश करा, फरक दिसेल. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल एवढंच: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत असे बदल करू देत नाही, आणि शेजारच्या आजोबांना कलमाची गरज नसते.

पुण्याच्या आत्याची गाडी आणि सीएनजी

आपल्याकडे अर्ध्या जुन्या गाड्या नात्यातून येतात. एमएच नंबरची गाडी ‘घरचीच आहे’ म्हणून वर्षानुवर्षं तशीच फिरवली जाते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवी नोंदणी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी आणि गुजरातचा रोड टॅक्स. हा खर्च धरूनच आत्याशी भाव करा. मालकी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या, कर्ज फिटलेलं असेल तर कर्जाची नोंद काढायचा बँकेचा फॉर्म ३५ आणि एनओसी मागून घ्या. नोंदणीला पंधरा वर्षं झाली असतील तर फिटनेस तपासून ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे, वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त.

गुजरातेत बऱ्याच गाड्या सीएनजीच्या, म्हणून हेही. किट आरसीवर चढलेलं आहे का ते आधी बघा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. शेवटच्या टेस्टची तारीख सिलिंडरवर आणि सर्टिफिकेटवर जुळते का ते तपासा. टाकीत गॅस २०० बारच्या दाबाने भरलेला असतो, त्यामुळे त्याचा एकही नट घरी सैल करायचा नाही. वास आला तर काचा उघडा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, कुठलाही स्विच न दाबता गाडीपासून लांब व्हा आणि मान्यताप्राप्त सेंटरला फोन करा.