बाइंडर आणि छापखाना कामगारांच्या संघटनेचा इतिहास कसा लिहावा

वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-महापे पट्ट्यात छापखाना कामगारांची जी संघटना उभी राहिली, तिचा इतिहास लिहायला घेतला की पहिली ओढ अध्यक्ष आणि सरचिटणीस यांना भेटण्याची असते. ती आवरावी आणि आधी काम समजून घ्यावे. छापखान्यात पगारपत्रकावर कोण होते आणि नगावर कोण होते, हे कळल्याशिवाय संघटना नेमकी कोणाची होती हे कळत नाही. कंपोझिटर (खिळे जुळवणारे) आणि मशीनमन यांची नावे हजेरीपटावर सापडतात. फर्म्यांच्या, म्हणजे अनेक पाने एकत्र छापलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालणाऱ्या, ते क्रमाने लावणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसांना, त्यांतही बायकांना, अनेक ठिकाणी ठेकेदारामार्फत हजारी दराने, म्हणजे दर हजार नगांमागे ठरलेल्या मजुरीवर, काम मिळे, आणि ती नावे कागदावर येतच नाहीत. माझ्या मते खरा इतिहास याच रिकाम्या जागेपासून सुरू होतो.

कागदांसाठी प्रथम नोंदणीकडे वळावे. ट्रेड युनियन कायदा, १९२६च्या कलम २८नुसार नोंदणीकृत संघटनेला दरवर्षी लेखापरीक्षित जमाखर्च आणि पदाधिकाऱ्यांतील बदल निबंधकांकडे पाठवावे लागत. संघटनेच्या कपाटात या विवरणपत्रांच्या प्रती नसतील, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. जुनी संघटना सात सभासदांवर नोंदली गेली म्हणून तिला कागदोपत्री समजू नये, कारण १० टक्के किंवा १०० कामगारांची अट २००२पासून लागू झाली. ‘पहिली’ हा शब्द तर जपूनच वापरावा; कलकत्त्याच्या छापखाना कामगारांनी १९०५मध्येच आपली युनियन स्थापन केली होती.

करार हाती आला की आधी त्यावरचे कलम पाहावे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७खाली सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला कलम १२(३)चा करार त्या आस्थापनेतल्या सर्व कामगारांना, सभासद नसलेल्यांना आणि नंतर रुजू होणाऱ्यांनाही, लागू होत असे. मालक आणि संघटना यांनी आपसांत केलेला कलम १८(१)चा करार मात्र सह्या करणाऱ्या पक्षांपुरताच राही. घडीवरच्या बायकांना पगारवाढ मिळाली की नाही, याचे उत्तर पुष्कळदा या एका आकड्यात आणि करारात ‘कामगार’ कोणाला म्हटले आहे त्यात दडलेले असते.

मागणीपत्र आणि संपाची नोटीस यांच्या तारखा हंगामाशेजारी ठेवून वाचाव्यात. जूनपूर्वी पाठ्यपुस्तके आणि वह्या, दिवाळीआधी दिवाळी अंक, वर्षअखेरीस डायऱ्या आणि दिनदर्शिका असा हा धंदा चालतो. बाइंडिंग हा शेवटचा टप्पा असल्यामुळे बाइंडरने हात थांबवला, तर छापून झालेल्या फर्म्यांच्या थप्प्या जागीच पडून राहतात आणि मालकाची मुदत टळते. नोटीस मे महिन्यात दिली गेली की ऑगस्टमध्ये, यावरून संघटनेला आपले बळ किती उमगले होते हे दिसते.

मुलाखतीत ‘युनियनने काय केले?’ असे विचारल्यास भाषण ऐकायला मिळते. त्याऐवजी समोर कागद ठेवून सोळा पानी फर्म्याची घडी घालून दाखवायला सांगावे. हात चालू लागले की दर, ठेकेदार, खळीचा वास, दुखणारी बोटे, सगळे आपोआप निघते. वर्ष आठवत नसेल तर आणीबाणीच्या आधी की नंतर, १९८२चा गिरणी संप सुरू होण्यापूर्वी की पुढे, असे विचारावे. कामावरून काढलेल्यांची नावे त्यांच्या किंवा घरच्यांच्या परवानगीशिवाय छापू नयेत.

लेखन पूर्ण झाल्यावर ज्यांनी आठवणी सांगितल्या त्या प्रत्येकाला एक प्रत द्यावी, आणि १८९३पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला विचारून एक तिथे ठेवावी. ती प्रत नुसत्या गोंदावर चिकटवलेली नसावी. शिवून घ्यावी, म्हणजे पाने सुटणार नाहीत.