तेराव्यानंतर काय वाचावं

पहिले तेरा दिवस पुस्तक हातात घेऊच नका. घर माणसांनी भरलेलं असतं, फोन थांबत नाही. अमरधाम स्मशानभूमीची पावती, मृत्यूचा दाखला, नाशिकच्या रामकुंडावरचा दहावा हे सगळं कुणीतरी बघायचंच असतं. पाहुणे गेले की दुपारी तीन-चारच्या सुमारास घर खायला उठतं, वाचन तेव्हा सुरू करावं, मृत्यूकडे हसत बघणारंसुद्धा.

मृत्यूभोवतीची विनोदी कथा-कादंबरी निवडताना आधी बघा, हसू कुणावर आहे? गेलेल्या माणसावर किंवा त्याच्या आजारपणावर असेल तर पुस्तक खाली ठेवा, मग ते कितीही गाजलेलं असो. मागे राहिलेल्यांच्या धांदलीवर असेल तर खुशाल घ्या. पिंडाला कावळा शिवत नाही तो प्रसंग आठवा. गुरुजी घड्याळाकडे बघतायत. थोरला हात जोडून म्हणतो, "आईला सांभाळू." कावळा ढिम्म. धाकटा म्हणतो, "वाटणीवरून भांडणार नाही." तरी ढिम्म. शेवटी मागून आत्या पुटपुटते, "अरे, अण्णांना चिवड्याशिवाय घास उतरायचा का? जरा चिवडा ठेवा!" यात अण्णांची थट्टा नाही, उलट अण्णा चिमूटभर चिवड्यात पुन्हा समोर येतात. असं लिहिणारा लेखक मिळाला की सोडू नका.

पुस्तक पारखायला पहिली दहा पानं आणि मधली कुठलीही पाच पानं उभ्या उभ्या वाचा. शेवट आधी बघितला तरी चालेल, एरवीचा नियम इथे लागू नाही. मलपृष्ठावरच्या 'हसता हसता डोळ्यांत पाणी' वर विसंबू नका, ते कशावरही छापतात. दुसरी कसोटी अंतराची. कथेतलं नातं किंवा मृत्यूचं कारण, दोहोंपैकी निदान एक तरी आपल्यापेक्षा वेगळं असावं. वडील दवाखान्यात वारले असतील तर दवाखान्यातल्या बापाची गोष्ट पहिले काही महिने नकोच.

सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' (१९७४) या नाटकात मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन लावतात आणि जुन्याच स्मशानात जाळा म्हणून अडून बसतात. मुलाची फरफट आणि चाळकऱ्यांचा उत्साह बघून हसू आवरत नाही. पण पत्नीचा भाग बोचरा आहे, नुकताच नवरा गेलेल्या बाईच्या हाती हे पहिलं पुस्तक देऊ नये. भालचंद्र नेमाडेंच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीची चाल उलटी. पुण्यातलं होस्टेल, मेस यांवर खळखळून हसवते आणि पुढे नायक पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते. भावंड गमावलेल्याने तो भाग रात्री एकट्याने वाचू नये.

एका बैठकीत दहा पानं पुरे, फार तर वीस मिनिटं. मजा येत असतानाच थांबा, म्हणजे उद्या पुस्तक उघडायला निमित्त राहतं. तीच ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नसेल तर पुस्तकाला दोष देऊ नका. शोकात लक्ष टिकत नाही. सहा-आठ पानांची कथा घ्या आणि दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. कुणीही "पुढे चल" म्हटलं की कारण न विचारता पान उलटायचं, हे आधीच ठरवून घ्या.

हमखास बिघडतं ते हसून झाल्यावर. 'आपण हसलो कसे?' म्हणून गळा दाटतो आणि पुस्तक कायमचं बंद होतं. अशा वेळी खूण घालून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन पानं मागून सुरू करा. हार घातलेल्या फोटोखाली, हॉलमध्ये बसून वाचू नका. आतल्या खोलीत आई असते आणि तिला फक्त हसणं ऐकू जातं. गोदाघाटही टाळा, सकाळी तिथे कुणाचा ना कुणाचा दहावा चालू असतो.

पुस्तकांसाठी नाशिकचं १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. चार घरं एकत्र येत असतील तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाच्या पुस्तकपेटीची चौकशी करा. आठवडेच्या आठवडे झोप-जेवण सुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर मात्र पुस्तकावर भागवू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

दुसऱ्याला पुस्तक द्यायचं असेल तर दहाव्याच्या गर्दीत नको, महिन्याभराने द्या. आत चिठ्ठी ठेवा: मृत्यूचा प्रसंग अमुक पानापासून अमुक पानापर्यंत, नको असेल तर गाळा. आणि "वाचलं का?" असं विचारू नका.