द्राक्षरसातील कीटकनाशकांचे अंश एन्झाइम सेन्सरने तपासताना या चुका टाळा

फळांच्या रसातील कीटकनाशकांचे उर्वरित अंश झटपट तपासण्यासाठी ज्या इलेक्ट्रोडवर अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बसवलेले असते, त्याची कार्यपद्धती समजायला सोपी आहे. हे एन्झाइम अ‍ॅसिटिलथायोकोलिनचे विघटन करून थायोकोलिन तयार करते, थायोकोलिनचे इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून मिळणारा विद्युतप्रवाह आपण मोजतो. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातील कीटकनाशक एन्झाइमच्या सक्रिय स्थानावरील सेरिन या अमिनो आम्लाला चिकटले की प्रवाह घटतो. म्हणजे प्रत्यक्षात मोजली जाते ती एन्झाइमच्या क्रियाशीलतेत झालेली घट, आणि अशी घट कीटकनाशकाखेरीज इतरही अनेक कारणांनी होते. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ याच गोष्टीच्या विसरात आहे.

पहिले कारण आम्लता. द्राक्षरसाचा पीएच साधारणपणे 3 ते 4 असतो, तर हे एन्झाइम 7 ते 8 या पट्ट्यात नीट काम करते. रसात तितकाच फॉस्फेट बफर (पीएच स्थिर राखणारे द्रावण) घातला की काम झाले, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात. परंतु रसातील टार्टारिक आणि मॅलिक आम्ल पातळ बफरला सहज पुरून उरतात. काळ्या द्राक्षांच्या रसाचा लाल रंग जांभळ्याकडे आणि पुढे निळसर छटेकडे वळताना दिसतो, पण त्या रंगावर विसंबून न राहता मिसळल्यानंतरचा पीएच मीटरवर पाहून वहीत नोंदवावा. उलट बाजूने अल्कलीचा हात सैल सोडणेही घातक आहे, कारण मॅलॅथिऑनसारखी कीटकनाशके अल्कधर्मी द्रावणात लवकर विघटित होतात आणि जे शोधायचे तेच आपण नष्ट करून बसतो. नमुना रसाऐवजी शीतपेयाचा असेल तर त्यातील कार्बन डायऑक्साइड आधी पूर्ण काढून टाकावा. तो आम्लता वाढवतो आणि त्याचे बुडबुडे इलेक्ट्रोडवर बसून प्रवाह अस्थिर करतात.

नुसत्या बफरशी तुलना

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. समजा, स्वच्छ बफरमध्ये ठेवलेल्या इलेक्ट्रोडवर 2.0 मायक्रोअँपिअर प्रवाह मिळाला आणि नमुन्याच्या संपर्कात 10 मिनिटे ठेवल्यानंतर तो 1.5 झाला. गणिताने अवरोध, म्हणजे एन्झाइमच्या क्रियेतली घट, 25 टक्के निघतो आणि नमुना दूषित ठरतो. पण फवारणी न केलेल्या बागेतील द्राक्षांचा रस त्याच पद्धतीने वापरला असता प्रवाह 1.6 वर आला, तर खरा आधार 1.6 हा आहे आणि कीटकनाशकाच्या वाट्याला जेमतेम 6 टक्के घट येते. उरलेली घट रसातील टॅनिनमुळे किंवा तांब्यामुळे झालेली असू शकते. महाराष्ट्रातील द्राक्षबागांमध्ये केवडा (डाऊनी मिल्ड्यू) या रोगावर तांबेयुक्त बोर्डो मिश्रण सर्रास फवारले जाते, त्यामुळे तांब्याची शक्यता येथे विशेष लक्षात घ्यावी लागते. तांब्याचे आयन एन्झाइमला बाधा आणतात आणि थायोकोलिनलाही बांधून ठेवतात. त्यांना अडकवण्यासाठी बफरमध्ये थोडे ईडीटीए घालावे.

मोजणी थेट रसातच केली तर चूक नेमकी उलट्या दिशेने होते. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर थायोकोलिनसाठी सुमारे 0.6 ते 0.7 व्होल्ट द्यावे लागतात आणि तेवढ्या विभवावर क जीवनसत्त्व व पॉलिफिनॉल यांचेही ऑक्सिडीकरण होते. त्यांचा प्रवाह मिळून एन्झाइमची घट झाकली जाते आणि दूषित रस निर्दोष ठरतो. कोबाल्ट थॅलोसायनिनसारखा, इलेक्ट्रॉन पोहोचवणारा मध्यस्थ वापरल्यास विभव बराच खाली आणता येतो. तरीही इलेक्ट्रोड नमुन्यातून काढून, धुऊन, ताज्या बफरमध्ये मोजणी करणे हाच मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. ऑर्गॅनोफॉस्फेटचा बंध धुण्याने सुटत नाही. कार्बामेटचा मात्र हळूहळू सुटतो, म्हणून धुणे आणि मोजणे यांमधला वेळ प्रत्येक नमुन्यासाठी सारखा राखावा.

थायोन गटाचा फसवा निकाल

क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन आणि पॅराथिऑन यांच्या रेणूत फॉस्फरसला गंधक जोडलेले असते आणि त्या रूपात ती या एन्झाइमला फारशी बाधा आणत नाहीत. कीटकाच्या शरीरात गंधकाच्या जागी ऑक्सिजन येऊन ऑक्सॉन तयार होतो, तेव्हा ती खरी घातक ठरतात. सेन्सरपुढे नमुना आणण्याआधी हे रूपांतर ब्रोमीन जल किंवा एन-ब्रोमोसक्सिनिमाइड वापरून करावे लागते. येथे एक खाच आहे: रसात मुळातच असलेले क जीवनसत्त्व या ऑक्सिडीकारकांना आधीच संपवून टाकते आणि क्लोरपायरिफॉस जसेच्या तसे राहते. म्हणून आधी द्रावकाने कीटकनाशक वेगळे काढावे, मग ऑक्सिडीकरण करावे आणि उरलेला ऑक्सिडीकारक मोजून घातलेल्या अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने नष्ट करावा; तो उरला तर एन्झाइमच मारतो. द्रावक म्हणून अ‍ॅसिटोनायट्राइल वापरले असेल, तर त्याचे अंतिम प्रमाण नमुन्यात आणि कंट्रोलमध्ये तंतोतंत सारखे हवे.

इलेक्ट्रोड बनवतानाच्या चुका थोडक्यात सांगतो. एन्झाइम भरपूर बसवले तर प्रवाह देखणा मिळतो, परंतु काही रेणू निकामी झाले तरी घट दिसत नाही. एन्झाइम जखडून ठेवणारे ग्लुटाराल्डिहाइड जास्त झाले तर एन्झाइम इलेक्ट्रोडला पक्के चिकटते, पण निष्क्रिय होते. अ‍ॅसिटिलथायोकोलिनचे द्रावण रोज ताजे करून बर्फात ठेवावे. छापील इलेक्ट्रोडवरील चांदीच्या संदर्भ इलेक्ट्रोडचे विभव क्लोराइडच्या प्रमाणानुसार सरकते, म्हणून मोजणीच्या बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड ठरावीक प्रमाणात असावे.

जे या सेन्सरला दिसतच नाही

5 ऑगस्ट 2003 रोजी दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने शीतपेयांतील कीटकनाशकांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यानंतर शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. त्या अहवालात लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस यांची नावे होती. यांपैकी पहिली दोन ऑर्गॅनोक्लोरीन असल्याने ती या सेन्सरच्या कक्षेबाहेर राहतात. 2010 मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, आणि हे वाढनियंत्रकही ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातले नाही. म्हणून अवरोध न दिसलेल्या नमुन्याच्या अहवालात ‘कीटकनाशकमुक्त’ हा शब्द लिहू नये. अवरोध दिसला तरी तो सर्व अवरोधकांचा एकत्रित परिणाम असतो. तो पॅराऑक्सॉनच्या (पॅराथिऑनच्या ऑक्सॉनच्या) तुल्य प्रमाणात नोंदवावा आणि नेमके रसायन ठरवण्यासाठी नमुना एलसी-एमएस-एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान वर्णपटमापन) या तपासणीकडे पाठवावा.

शंका उरलीच तर प्रॅलिडॉक्सिमची, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेटचा बंध सोडवणाऱ्या ऑक्झिम गटातील औषधाची, चाचणी करावी. घट झालेला इलेक्ट्रोड या ऑक्झिमच्या द्रावणात काही मिनिटे ठेवल्यावर प्रवाह बऱ्याच अंशी परतला, तर ऑर्गॅनोफॉस्फेटचा संशय बळावतो. परतला नाही, तर आम्लता, टॅनिन किंवा द्रावक यांच्याकडे पुन्हा वळावे. ही चाचणी त्याच दिवशी उरकावी, कारण वेळ गेल्यास फॉस्फेटचा बंध जुनावतो आणि ऑक्झिमलाही दाद देत नाही. त्यानंतर इलेक्ट्रोड नीट धुणे आवश्यक आहे, कारण उरलेले प्रॅलिडॉक्सिम स्वतःच अ‍ॅसिटिलथायोकोलिनचे विघटन करते आणि एन्झाइम सावरल्याचा खोटा प्रवाह दाखवते.