इंजिन आणि प्रॉप निवडताना: आधी शेपूट उचलून मोजा

रिमोटवर उडणाऱ्या एरोबॅटिक (कसरती करणाऱ्या) मॉडेल विमानाला इंजिन आणि प्रॉप (नाकावरचा पंखा) घेताना सगळे पॉवर विचारतात, ब्रँड विचारतात, किंमत तर विचारतातच. प्रॉपचं टोक जमिनीपासून किती वर राहणार, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. ११ इंची प्रॉप (११ बाय ६) काढून १२ इंची (१२ बाय ४) लावला, विमान टेबलावर उभं केलं, प्रॉपखाली हात घालून पाहिला, जागा ऐसपैस दिसली. मैदानावर वेग आला, शेपूट वर आली आणि प्रॉप गवतात. प्रॉप गेला, फायरवॉलचा (इंजिन जिच्यावर बसतं त्या नाकातल्या पाटीचा) डिंक सुटला, आणि हिवाळ्यातले उडवायचे रविवार सँडपेपर घासण्यात गेले. ही यादी त्यासाठी.

उदाहरणाला ४६ साइझचं विमान धरतो, कारण ट्रेनरनंतर (शिकाऊ विमानानंतर) बहुतेक जण तिथेच येतात. ०.४६ घनइंच, म्हणजे साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (मिथेनॉलवर, तापलेल्या ग्लो प्लगने चालणारं) आणि अडीच किलोच्या अलीकडे-पलीकडे विमान. पहिलं काम वजन. रिकामं विमान, सर्वो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), बॅटरी, टँक सगळं काट्यावर ठेवा. किटच्या खोक्यावर '४० ते ४६' लिहिलं असेल तर एरोबॅटिक्ससाठी ४६ घ्या, वाद नको. पण त्यावर ६० नंबर बसवण्याचा मोह टाळा. नाक जड होतं, मग शेपटीत शिसं टाकावं लागतं, मग विंगवर भार वाढतो आणि लँडिंगला विमान दगडासारखं येतं. ४६चं इंजिन मफलरसकट अर्धा किलोच्या आसपास भरतं. ते अगदी टोकाला बसत असल्यामुळे तिथल्या ५० ग्रॅमनेही सीजी (विमानाचा तोलबिंदू) हलतो. इंजिन बदललं की सीजी पुन्हा तपासायचा. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून पुढे जातो.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? ४६ टू-स्ट्रोकच्या जागी साधारण ७० फोर-स्ट्रोक बसवतात. तो कमी आरपीएमवर (मिनिटाच्या फेऱ्यांवर) मोठा प्रॉप ओढतो, आवाज गोड, इंधन कमी, उभ्या रेषेत खेच छान. बदल्यात किंमत जास्त, व्हॉल्व्हचं अंतर अधूनमधून बघावं लागतं, आणि चालू करताना उलटा झटका मारला की नट सैल होऊन प्रॉप उडू शकतो. म्हणून फोर-स्ट्रोकला लॉकनट लावाच. आणि 'मोठा प्रॉप ओढतो' हे वाक्य परत वाचा. मोठा प्रॉप म्हणजे टोक जमिनीच्या आणखी जवळ. इंजिनची ऑर्डर देण्याआधीच मोजायचं आहे, इंजिन हातात आल्यावर नाही.

आता आकडे. प्रॉपवरचा पहिला आकडा व्यास, दुसरा पिच (एका फेरीत प्रॉप जेवढा पुढे सरकेल ते अंतर), दोन्ही इंचांत. इंजिनवर पडणारं ओझं त्याच आरपीएमला साधारण व्यासाच्या चौथ्या घातात आणि पिचच्या सरळ प्रमाणात वाढतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: ११ बाय ६ म्हणजे ८७,८४६. १२ बाय ४ म्हणजे ८२,९४४, जवळजवळ तेवढंच. १२ बाय ६ केलात की १,२४,४१६, म्हणजे जवळपास दीडपट. एक इंच व्यास वाढवला तर पिच दोनेक इंच कमी करायची, हा ठोकताळा इथूनच येतो. एका कंपनीच्या ११ बाय ६ आणि दुसऱ्या कंपनीच्या ११ बाय ६ मध्ये पात्याच्या रुंदीमुळे फरक पडतो, तरी अंदाजाला हे गणित पुरतं. माझंही गणित बरोबर होतं, इंजिन १२ बाय ४वर मस्त फिरत होतं. गणितात जमीन नसते.

पिच कशासाठी ते नीट समजून घ्या, कारण एरोबॅटिक्सचा खरा निर्णय इथे आहे. आरपीएमला पिचने गुणा, मग ०.००१५ ने गुणा, की किलोमीटर प्रतितासात पिच स्पीड साधारण कळतो. १२,००० आरपीएमला ६ पिच म्हणजे ११०च्या आसपास, ४ पिच म्हणजे ७३. नवशिक्याला वाटतं जास्त वेग म्हणजे चांगलं. पण विमान नाक खाली करून सरळ उतरतं तेव्हा थ्रॉटल बंद असतो आणि कमी पिचचा, मोठ्या व्यासाचा प्रॉप ब्रेक लावतो. जास्त पिचचा प्रॉप ब्रेक लावत नाही, विमान सुसाट खाली येतं, तळाशी ओढताना विंगवर ताण येतो आणि पुढचा लूप आधीच्यापेक्षा मोठा होतो. वर जातानाचा आणि खाली येतानाचा वेग सारखा राहिला की आकृत्या सुबक दिसतात. एफ-थ्री-ए या आंतरराष्ट्रीय एरोबॅटिक स्पर्धेतली विमानं दोन मीटर बाय दोन मीटर आणि ५ किलोच्या मर्यादेतली असतात. आज त्यातली बहुतेक इलेक्ट्रिक आहेत, आणि २० इंचांच्या आसपासचे प्रॉप सावकाश फिरवतात ते याचसाठी. त्यांच्या लँडिंग गिअरचे पाय किती लांब असतात तेही फोटोत बघून ठेवा.

४६साठी माझं मत: मोठे लूप, रोल, स्टॉल टर्न (सरळ वर जाऊन टोकाला वळून खाली येणं), वाऱ्यातही उडवायचं असेल तर ११ बाय ६, विमान हलकं आणि घसरडं (हवेला कमी अडणारं) असेल तर ११ बाय ७. प्रॉपवर लटकवायचं असेल, हार्ड थ्री-डी, तर १२ बाय ४ किंवा १२.२५ बाय ३.७५. पहिल्याच दिवशी दोन्ही करू म्हणणाऱ्याने ११ बाय ६ लावावा आणि गप्प बसावं. इंजिनच्या माहितीपत्रकात दिलेल्या साइझबाहेर जाऊ नका.

साइझ ठरला? आता मोजा. टेल-ड्रॅगर विमान शेपूट टेकवून उभं असतं तेव्हा नाक वर असतं, त्यामुळे प्रॉपखाली जागा भरपूर दिसते. ती जागा खोटी आहे. शेपटीखाली पुस्तकं रचा, विमान उडताना असतं तसं आडवं करा, प्रॉपचं पातं हाताने सरळ खाली आणा आणि मग पट्टी लावा. जुनाच प्रॉप लावून मोजत असाल तर व्यासातला अर्धा फरक वजा करा: ११वरून १२ला गेलात तर सव्वा सेंटिमीटर, १२.२५ला १६ मिलिमीटर, १३ला अडीच सेंटिमीटर. नंतर टँक भरलेला आहे असं धरून विमान वरून थोडं दाबा, कारण ॲल्युमिनियमचे पाय पसरतात. त्या दाबलेल्या स्थितीत कडक धावपट्टीसाठी निदान अडीच सेंटिमीटर, गवतासाठी पाच हवेत. ट्रायसायकल गिअरवाल्यांनी (नाकाखाली चाक असणाऱ्यांनी) हसू नये. नाकाच्या चाकाची स्प्रिंग दाबून मोजा, तुमचीही जागा गायब होईल. कमी पडत असेल तर मोठी चाकं लावा, पण सव्वादोन इंचांची चाकं काढून तीन इंचांची लावली तरी धुरा जेमतेम साडेनऊ मिलिमीटर वर जातो, एवढ्यावर १३ इंची प्रॉपची स्वप्नं बघू नका. नाहीतर लांब पायांचं गिअर घ्या. नाहीतर व्यास सोडा आणि पिच घ्या. तीन पाती हाही उपाय आहे, व्यास इंचभर कमी होतो, पण बॅलन्स करणं जिकिरीचं आणि स्पिनरही (प्रॉपवरची टोपी) वेगळा लागतो.

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी एकच गोष्ट आधी: ग्लो इंजिनवर मोठा प्रॉप लावला तर इंजिन मंदावतं, मोटरवर लावला तर मोटर तेवढाच आरपीएम धरून ठेवायला करंट ओढत राहते आणि जळते. एरोबॅटिक्सला किलोमागे ३३० वॅट धरा, अडीच किलोला सव्वाआठशे वॅट. भाराखाली १४ व्होल्ट देणाऱ्या फोर-एस (चार सेलच्या) पॅकवर हे ६०च्या घरात अँपिअर होतात, म्हणून ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ८० अँपिअरचा. फाइव्ह-एस घेतलात तर करंट ५०च्या आत येतो आणि सगळं थंड राहतं. वॉटमीटर लावून जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला मोजल्याशिवाय उडवू नका. बारीक पात्यांचे 'ई' खुणेचे प्रॉप मोटरसाठीच असतात, ग्लो इंजिनच्या धडधडीला ते लावू नका, पातं सुटलं तर माणसाला लागतं. इलेक्ट्रिकला बहुधा १३ इंचांच्या पुढचा व्यास निघतो. शेपूट उचला, मोजा.

प्रॉप घरी आला की भोक बघा. शाफ्टला लहान असेल तर पायऱ्यांच्या रीमरने मोठं करा, ड्रिलने नाही, ड्रिल हमखास तिरकं जातं. मग बॅलन्सरवर लावा, जड पात्याची मागची बाजू घासा, टोक कापू नका. साच्यातून आलेल्या प्रॉपची कड सुरीसारखी असते, सँडपेपरचा एक हात मारा, बोटं वाचतील. लाकडी प्रॉपचा मधला भाग दबतो, म्हणून पहिल्या उड्डाणानंतर नट पुन्हा आवळा. चीर किंवा खाच दिसली की प्रॉप सरळ मोडून टाका. 'सरावाला चालेल' म्हणून पेटीत ठेवलात तर एक दिवस तोच लागणार. एकाच साइझचे निदान तीन घ्या.

इंधनाचं थोडक्यात. आपल्याकडे नायट्रोमिथेन महाग आणि पटकन न मिळणारं, त्यामुळे बरेच जण ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल वापरतात. चालतं. आयडल (मंद चाल) थोडं खरखरीत राहतं, त्यासाठी उष्ण जातीचा ग्लो प्लग घ्या. मिथेनॉल विष आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या, पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. टँकची मध्यरेषा नीडलच्या (कार्ब्युरेटरमधला इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) पातळीला किंवा सेंटिमीटरभर खाली. त्याहून खाली गेली तर उलटं उडवताना इंजिन रिच होऊन (इंधन जास्त जाऊन) गुरगुरतं. क्लंक (टँकमधल्या नळीच्या टोकाचं वजन) टँकमध्ये मोकळा फिरतो ना, मागच्या भिंतीला अडकत नाही ना, एवढं बघा.

रन-इन (नवं इंजिन रुळवणं) माहितीपत्रकाप्रमाणे. पिस्टनला रिंग असलेलं इंजिन रिच ठेवून फिरवायचं, एबीसी जातीचं (बिनरिंगचं) मात्र गरम होऊ द्यायचं असतं. त्याला सतत रिच ठेवून थंड चालवलं तर उलट झिजतं. टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) खरा आहे का हे चोकवाल्या ट्यूबलाइटखाली धरून बघा. दोन पात्यांवर सेट केला असेल तर ३,००० दाखवायला हवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. पूर्ण थ्रॉटलला कमाल आरपीएम शोधा, मग नीडल सोडून दोन-तीनशेने खाली आणा, मग कोणालातरी नाक आकाशाकडे धरायला लावा. आवाज पडला तर अजून रिच करा. पुणं ५६० मीटरवर आहे आणि एप्रिलच्या दुपारी तिथली हवा जानेवारीतल्या पहाटेपेक्षा सात-आठ टक्के विरळ असते. एप्रिलमध्ये लावलेली नीडल जानेवारीत तशीच ठेवली तर इंजिन लीन होऊन (इंधन कमी पडून) उभ्या रेषेतच बंद पडतं. मोसम बदलला, नीडल परत लावा.

मैदानावर जाण्याआधी डिजिटल स्कायचा (कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी) नकाशा बघा. ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त ६० मीटर. ६०मध्ये धड स्टॉल टर्नही होत नाही, मैदान बदला. पोचल्यावर गवत बघा. गेल्या महिन्यातलं गवत आणि पावसानंतरचं गवत एक नाही. पट्टी खिशात असू द्या, तिथेही शेपूट उचलून मोजा. धडक लँडिंग झालं की परत मोजा, पाय वाकून पसरलेले असतात आणि उभ्या विमानात ते कळत नाही. प्रत्येक उड्डाणानंतर प्रॉपच्या टोकांवर बोट फिरवा. हिरवा रस लागलेला दिसला तर टोकं गवत कापतायत, त्या दिवशी पुढचं उड्डाण नाही.

बाकी भराभर. स्टार्टर किंवा काठी, बोटाने नाही. प्रॉपच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, नीडल मागून फिरवायची. लांब बाह्यांचा शर्ट नको, गळ्यात लटकणारा पट्टा नको. ग्लो प्लग दोन जास्तीचे, चार्ज केलेला ग्लो-ड्रायव्हर, पाना, फडकं. मफलरचे बोल्ट गरम झाल्यावर पुन्हा आवळा. शेवटी नळी चिमटून इंधन संपेपर्यंत इंजिन चालवा, कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन ऑइलचे थोडे थेंब टाका आणि प्रॉप हाताने फिरवून आत पसरवा. मिथेनॉल ओलावा ओढून घेतं, कोकणच्या हवेत हे एका पावसाळ्यासाठी चुकवलं तरी बेअरिंग गंजतात.