नागपुरात नवा फोन घ्यायचाय? भर दुपारी दुकानात जा

उन्हाळ्यात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला आपण सगळेच दिवस कलल्यावर जातो. पण नवा स्मार्टफोन घ्यायचा असेल तर माझा पहिला सल्ला असा की दुपारीच जा. डोक्याला दुपट्टा बांधून जा, पाण्याची बाटली घेऊन जा, पण दुपारी जा. दुकानाच्या पांढऱ्या उजेडात पंधरा हजारांचा आणि साठ हजारांचा फोन जवळपास सारखाच देखणा दिसतो. फरक कळतो तो दाराबाहेर उन्हात दोन पावलं टाकल्यावर.

घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे बरेच फोन मी निवडून दिले आहेत, जुन्यातून नव्यात हलवूनही दिले आहेत. त्यात एक चूक अशी झाली की ती अजून सलते. ती पाचव्या पायरीत सांगतो.

पायरी १ : जुना फोन खरंच थकलाय का, ते बघा

फोन हळू झाला म्हणजे संपला, असं नाही. बऱ्याचदा साठवणीची जागा काठोकाठ भरलेली असते. शुभेच्छांचे फोटो आणि पुढे ढकललेले व्हिडिओ काढून टाकले की तोच फोन पुन्हा नीट चालू लागतो. चार्जिंग दुपारपर्यंतही पुरत नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून घ्या. नव्या फोनच्या मानाने हा खर्च फारच कमी असतो.

बदलायला माझ्या लेखी दोन पक्की कारणं आहेत. सुरक्षेचे अपडेट बंद होणं हे पहिलं. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि त्याच फोनवर तुमचे बँकेचे व्यवहार चालत असतील, तर आणखी थांबू नका. दुसरं कारण म्हणजे दुरुस्तीचा खर्च फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जाणं. आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर आजपासूनच तो फोन चार्जिंगला लावायचा नाही.

पायरी २ : निवड उन्हाच्या हिशेबाने करा

जाहिराती दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित खोल्यांत बसून वाचल्यासारख्या आपण वाचतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ तापल्या दिवसांत, तर रात्रीसुद्धा भिंतींना हात लावला की चटका जाणवतो. ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे वापराचं तापमान सांगते. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने नागपूरकराचा फोन त्या मर्यादेबाहेर राबत असतो. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी पडद्याचा उजेड कमी करतो, प्रोसेसरचा वेग उतरवतो, चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. लिथियम-आयन बॅटरीच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रियाही उष्णतेत वेगाने होतात, आणि त्यामुळे एकदा गेलेली क्षमता परत येत नाही.

म्हणून मी आधी पडदा बघतो. खोक्यावर ‘३००० निट्स’ (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर तो बहुतेक वेळा पडद्याच्या छोट्याशा भागात, क्षणभर मिळणारा कमाल उजेड असतो. उन्हात अख्ख्या पडद्यावर किती उजेड मिळतो, तो आकडा वेगळा आणि बराच लहान असतो. दुकानदाराला सरळ म्हणा, ‘भाऊ, जरा बाहेर उन्हात पाहून घेतो.’ विश्वासाला आपला जुना फोन काउंटरवर ठेवा. बाहेर उभं राहून उजेड पूर्ण वाढवा, एखादा मराठी संदेश वाचा, नकाशा उघडा, चार-पाच मिनिटं कॅमेरा चालू ठेवा. अक्षरं वाचता आली आणि पडदा मधेच मंदावला नाही, तर फोन कामाचा. आत येताना मागची बाजू तळहातावर टेकवून बघा, किती तापली ते कळेल.

मग बॅटरी. ५००० एमएएचच्या आसपासची क्षमता आता मध्यम किमतीच्या फोनमध्येही मिळते. पण मी विचारतो ते हे, की चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय यात आहे का? तापमान जास्त आणि बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली, या जोडीने ती सर्वांत लवकर म्हातारी होते. उन्हाळ्यापुरती तरी ही मर्यादा लावून ठेवा. रात्री गादीवर, उशीखाली चार्जिंगला लावू नका. कूलरसमोरच्या टेबलावर ठेवा, मात्र पाण्याचे शिंतोडे पोचणार नाहीत अशा बेताने.

दुचाकीच्या हँडलवर फोन अडकवून नकाशा बघत जाणाऱ्यांनी थोडं जास्त सांभाळायचं. ऊन, जीपीएस आणि चालू चार्जिंग हे तिन्ही एकत्र आले की फोन भाजून निघतो. शिवाय ज्या कॅमेऱ्यात थरथर रोखणारं हलतं भिंग असतं, त्याला इंजिनाच्या कंपनांनी इजा होऊ शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. पत्ता एकदा नीट बघून घ्या, कानात आवाजी सूचना लावा आणि फोन खिशात ठेवा.

पायरी ३ : बाकीचे आकडे

यात फार वेळ घालवू नका. ८ जीबी रॅम (फोन चालू कामं धरून ठेवतो ती जागा) बहुतेकांना पुरते. ‘८ अधिक ८’ असं लिहिलं असेल तर दुसरे ८ साठवणीतून उसने घेतलेले असतात, त्यांचे पैसे मोजू नका. साठवण मात्र २५६ जीबी घ्या. पोरांचे तान्हा पोळ्याचे व्हिडिओ दोन वर्षांत १२८ जीबी संपवतात. मेगापिक्सेल मोजण्यापेक्षा दुकानाच्या कोपऱ्यातल्या अंधारात एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा, कॅमेरा नुसता संख्या वाढवायला असतो.

एक प्रश्न मात्र नक्की विचारा, अपडेट किती वर्षं मिळणार? गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. स्वस्त फोनमध्ये ही मुदत बरीच कमी असते. आणि ती वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही. दीड वर्षापूर्वीचं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर तेवढी वर्षं वजा करूनच किंमत ठरवा.

पायरी ४ : दुकानात

खोकं तुमच्या डोळ्यांसमोर उघडू द्या. *#०६# दाबलं की पडद्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, येतो. तो खोक्यावर आणि जीएसटीच्या बिलावर तोच आहे ना, ते ताडून पाहा. वापरलेला फोन घेत असाल तर इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM) लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात फोन काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं, तर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा. ‘बिल नको, हजार कमी देतो’ असं कुणी म्हणालं तरी बिल घ्याच. वॉरंटीसाठी ते लागतं आणि फोन चोरीला गेल्यावरही. बिनव्याजी हप्त्यांचं ऐकलं की प्रक्रिया शुल्क किती, आणि रोख दिले तर किती सुटतात, हे दोन्ही विचारा. चार्जर खोक्यात आहे का, तेही बघा. आता बरेचदा नसतो.

पायरी ५ : जुन्यातून नव्यात

माझ्या आईचा फोन बदलला तेव्हा मी अर्ध्या तासात सगळं उरकलं. बॅकअप चालू आहे, एवढंच बघितलं. शेवटचा कधी झाला ते बघितलं नाही. गुगलची १५ जीबीची मोफत जागा आठ महिन्यांपूर्वीच भरली होती आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपचा बॅकअप थांबला होता. त्या आठ महिन्यांत माझी आत्या वारली. तिने आईला पाठवलेले आवाजी संदेश जुन्या फोनमध्येच होते, आणि तो मी त्याच संध्याकाळी पुसून एक्स्चेंजला दिला होता. आई मला काही बोलली नाही.

म्हणून आता मी यासाठी एक अख्खा रविवार ठेवतो. दोन्ही फोन पूर्ण चार्ज, एकाच वायफायवर, शेजारी शेजारी. नवा अँड्रॉइड सुरू करतानाच तो जुन्यातून माहिती घ्यायची का, असं विचारतो. केबल असेल तर केबलने करा. व्हॉट्सॲपसाठी जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये चॅट्समधला ‘ट्रान्सफर चॅट्स’ हा पर्याय आहे. क्यूआर कोड स्कॅन केला की संदेश थेट नव्या फोनमध्ये जातात, गुगलच्या जागेची गरज लागत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जात असाल तर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप लागतं, आणि हे काम नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच उरका. व्हॉट्सॲपला जादा सुरक्षेसाठी (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) सहा अंकी पिन लावला असेल तर तो आधी आठवून ठेवा. विसरलात आणि ईमेलही जोडलेला नसेल, तर सात दिवस वाट बघावी लागते. सिममध्ये साठवलेले जुने नंबरही गुगल खात्यात घ्या.

यूपीआय शेवटी. त्याची नोंदणी सिममधून जाणाऱ्या एसएमएसने होते, म्हणून बँकेत दिलेल्या नंबरचं सिम नव्या फोनमध्ये हवं. पिन तोच राहतो. मात्र नव्या फोनवर पहिले २४ तास व्यवहाराची मर्यादा कमी, सहसा ५००० रुपयांची असते. लग्नाच्या सभागृहाचे पैसे भरायचे असतील त्या दिवशी हे काम काढू नका. नवं सिम घेतलंत तर त्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, तेही धरून चाला.

पायरी ६ : जुना पुसण्याआधी

पंधरा दिवस जुना फोन तसाच ठेवा. एक्स्चेंजची घाई असेल तर निदान दोन दिवस मागून घ्या. मग आधी गुगल खातं काढा, आयफोन असेल तर हरवलेला फोन शोधणारी ‘फाइंड माय’ ही सोय बंद करा, मेमरी कार्ड काढून घ्या आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा. खातं न काढता पुसलेला फोन पुढच्या माणसाला तुमचा पासवर्ड मागत बसतो. विकण्यासारखा नसेल तर कचरागाडीत टाकू नका, दबलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते; अधिकृत ई-कचरा संकलनाकडे किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये द्या.

आणि रीसेटचं बटण दाबण्याआधी नवा फोन ज्याचा आहे त्याच्या हातात द्या. घरातल्या माणसाची सर्वांत जुनी चॅट उघडायला सांगा, वर सरकत जात एखादा जुना आवाजी संदेश शोधा आणि तो शेवटपर्यंत ऐकून घ्या.