नर्सिंगला नव्याने येणाऱ्या पोरींनो, आधी आपली सिस्टर शोधा

८ मार्च आला की आमच्या दवाखान्यात कार्यक्रम होतो. फुलं, समोसा, एखादं भाषण. भाषणात 'प्रेरणा' हा शब्द दहा-बारा वेळा येतो. मागे उभ्या असलेल्या नाईट करून आलेल्या मुली तेवढ्यात भिंतीला टेकून डुलकी काढतात. मीही काढलेली आहे. प्रेरणा वाईट असते असं नाही, पण पहाटे तीन वाजता पेशंटची शीर सापडत नसते तेव्हा तिचा काही उपयोग होत नाही. तेव्हा मागे कोणीतरी उभं लागतं. हा लेख त्या मागे उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल आहे, आणि ती कशी शोधायची याबद्दल.

मी काटोलकडची. घरी संत्र्याची थोडी बाग, शिकलेलं कोणी फारसं नाही. बारावीनंतर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं आणि नागपुरात एका खासगी दवाखान्यात पहिली नोकरी धरली. त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मूळ प्रमाणपत्रं मागितली आणि मी मुकाट दिली. नोकरी सोडायची म्हटल्यावर ती परत मिळायला चार महिने खेटे घातले. तिथल्या सीनियरना काही विचारलं की एकच उत्तर यायचं, "आम्हाला कोणी शिकवलं होतं?" तीन आठवडे मी सलाइन लावण्यापेक्षा फाइली लावायचंच काम जास्त केलं. म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते: मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत. दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ पिशवीत घालून घरी आणायचे.

दुसऱ्या दवाखान्यात मला माझी सिस्टर भेटली. मेडिसिन वॉर्डाच्या इनचार्ज, मूळच्या वर्ध्याच्या. आवाज असा की कॉरिडॉरच्या त्या टोकाला ऐकू यावा. पहिल्या आठवड्यात मला त्यांची भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. वॉर्डात दुसऱ्या एक सिस्टर फार गोड होत्या. "बेटा, राहू दे, मी करते" म्हणायच्या आणि खरंच सगळं स्वतः करून टाकायच्या. त्यांच्याकडून मी काहीच शिकले नाही.

इनचार्ज सिस्टरकडून काय शिकले, ते एका रात्रीच्या गोष्टीवरून सांगते. जेवणाआधीच्या इन्सुलिनची वेळ होती. एका आजोबांना १२ युनिट लिहिले होते आणि बाटली त्यांच्या मुलाने घरून आणली होती. मी ट्रॉलीतली लाल टोपीची सिरिंज काढली, बाराच्या रेघेपर्यंत औषध भरलं आणि निघाले. सिस्टरनी माझं मनगट धरलं. पेशंटसमोर काही बोलल्या नाहीत. "जरा इकडे ये" म्हणून नर्सिंग स्टेशनवर नेलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"काय लिहिलंय यावर? मोठ्यानं वाच."

मी वाचलं. एका मिलीला १०० युनिट.

"अन् सिरिंज कोणती घेतली तू?"

लाल टोपीची, म्हणजे ४० वाली, एका मिलीला ४० युनिटच्या बाटलीसाठीची. वॉर्डात नेहमी येणाऱ्या बाटल्या ४० च्या, म्हणून हात सवयीने तिकडे गेला होता. त्यांनी टेम्परेचर चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला गणित करायला लावलं. ४० च्या सिरिंजवर बारावी रेघ म्हणजे ०.३ मिली. १०० च्या बाटलीतलं ०.३ मिली म्हणजे ३० युनिट. बारा नाही, तीस. पहाटे आजोबांची साखर कुठे गेली असती हे मलाच म्हणायला लावलं. मग नारिंगी टोपीची सिरिंज काढून दिली, औषध परत भरताना बाजूला उभ्या राहिल्या, आणि आजोबांकडे जाऊ दिलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "वाचता येते न तुले? मग वाचत जा."

नव्या मुलींना मी आजही सगळ्यात आधी हेच दाखवते: लाल टोपी ४०, नारिंगी टोपी १००, आणि बाटलीवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. पण त्या रात्री मला खरं कळलं ते वेगळंच. त्यांनी माझी चूक झाकली नाही, सकाळी रजिस्टरमध्ये 'थोडक्यात टळलं' म्हणून नोंद करायला लावली. आणि वॉर्डात तिचा गवगवाही केला नाही. ज्या बाईला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात, तिच्या मागे लागायचं.

अशी बाई ओळखायची कशी? हँडओव्हर बघा, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवतात ते. काही जणी खुर्चीत बसून रजिस्टर वाचतात: "एक नंबर तसाच, दोन नंबर तसाच." काही जणी खाटेखाटेपाशी जातात, चादर बाजूला करून सुई लावलेली जागा बघतात, लघवीची पिशवी बघतात, आणि आपल्याकडून राहिलेलं काम स्वतःहून सांगतात: "पाच नंबरचं रक्त पाठवायचं राहिलं माझ्याकडून." स्वतःचं राहिलेलं सांगणारी सिस्टर तुमचंही चुकलेलं ऐकून घेईल. माझा हा अंदाज फारसा चुकलेला नाही.

मग मागायचं कसं. "सिस्टर, मला शिकवा ना" असं म्हणू नका. त्यावर कुणाकडेच उत्तर नसतं, सगळ्यांनाच घाई असते. नेमकं मागा. "आज सात नंबरला कॅथेटर (लघवीची नळी) टाकाल तेव्हा मी ट्रे लावून बाजूला उभी राहू का?" याला नाही म्हणणारी सिस्टर मी अजून पाहिली नाही. ड्युटीच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पोचा, त्या वेळात जे शिकायला मिळतं ते नंतर दिवसभर मिळत नाही. खिशात छोटी डायरी ठेवा. एकच गोष्ट दोनदा विचारायला हरकत नाही, पण तिसऱ्यांदा विचारताना डायरी हातात दिसली पाहिजे. आणि वॉर्डात कुणाचा श्वास अडकलेला असताना "हे असं का करतात?" विचारायचं नाही. तेव्हा फक्त सांगितलेलं आणून द्यायचं. प्रश्न चहाच्या वेळेसाठी ठेवायचे.

शीर शोधणं मी असंच चहानंतर शिकले. म्हाताऱ्या बायांच्या हातावरची शीर दिसते ठसठशीत, पण सुई लागली की पळते. सिस्टरनी माझा डावा अंगठा धरून पेशंटच्या कातडीवर ठेवला, शिरेच्या खालच्या बाजूला, आणि कातडी ताणून धरायला सांगितलं. सुईचं उघडं तोंड वर. आत शिरताना घाई नाही. मागच्या कप्प्यात रक्त चमकलं की तिथेच थांबायचं, सुई जरा आडवी करायची आणि प्लास्टिकची नळी तेवढी पुढे सरकवायची. मी नेमकी तिथेच चुकायचे. रक्त दिसलं की आनंदाने सुई आणखी आत ढकलायचे आणि शीर फुटायची. एक आजी मला म्हणाल्याही, "कितीदा टोचशील वो बाई, मी काय चाळणी आहो काय?" तेव्हापासून वॉर्डाचा नियम माझाही झाला: दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा आपण टोचायचं नाही, दुसरीला बोलवायचं. यात कमीपणा नाही. शिरेत लावायच्या या नळ्यांचे रंग आणि आकडेही तेव्हाच पाठ केले. हिरवा १८, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उलटंच वाटलं होतं.

शिकवणारी सीनियरच असली पाहिजे असंही नाही. आमच्या वॉर्डातली मावशी सातवी शिकलेली. जड पेशंट एकटीने कुशीवर कसा वळवायचा, चादरीचा वापर करून कंबर न मोडता वर कसा सरकवायचा, हे कॉलेजात मॅनिकिनवर शिकवलेलं खरं तर मला तिनेच शिकवलं. माझ्या ड्युटीतला पहिला मृत्यू झाला तेव्हा मी गोठून उभी होते. तिने गेलेल्या बाईचे डोळे मिटवले, हनुवटीखालून बँडेज बांधलं, हातपाय सरळ केले, आणि मला म्हणाली, "नातेवाईक येतील न आता, बाईचा पदर नीट कर." मी पदर नीट केला. मग ती मला घेऊन बेसिनपाशी गेली, दोघींनी हात धुतले, आणि मी तिथेच रडले. ती काही बोलली नाही. नळ चालू ठेवला, एवढंच.

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीवर) गेलात तर मातृ सेवा संघ बघा. कमलाबाई होस्पेट लहान वयात विधवा झाल्या, नागपुरात येऊन नर्सचं शिक्षण घेतलं, आणि १९२१ मध्ये त्यांनी हा संघ सुरू केला, बाळंतिणींसाठी. पुढे १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला त्या गोष्टीतलं वेगळंच आवडतं. त्या एकट्या नव्हत्या. वेणूताई नेने सोबत होत्या. आपण नेहमी एकच फोटो भिंतीवर लावतो, म्हणून मुलींना वाटतं की आधी कुणीतरी थोर बाई भेटली पाहिजे. माझी वेणूताई म्हणजे माझी रूममेट, मेडिकल चौकाजवळच्या खोलीतली. ती लहान मुलांच्या वॉर्डात, मी मोठ्यांच्या. रात्री भात शिजेपर्यंत आम्ही एकमेकींना गणितं घालायचो: ५०० मिली सलाइन चार तासांत द्यायचं, एका मिलीला २० थेंबांचा सेट, तर मिनिटाला थेंब किती? (साधारण ४२.) तिचं नेहमी माझ्याआधी यायचं, त्याचा मला रागही यायचा.

आता कोरडी माहिती, थोडक्यात. एएनएम (सहायक नर्सचा कोर्स) दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. घरची परिस्थिती जरा जरी परवानगी देत असेल तर बी.एस्सी.च करा, पुढचे रस्ते सोपे होतात. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आधी, नोकरी नंतर. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण असतं, तारीख विसरू नका. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी नॉरसेट परीक्षा असते, आपल्या नागपूरच्या मिहानमधल्या एम्ससाठीही तीच. जीएनएमवाल्यांना त्यासाठी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. हे मला पहिली नोकरी धरताना कुणी सांगितलं असतं तर! माझा पहिला दवाखाना वीस खाटांचा होता, तो काळ तिथे धरलाच गेला नाही. अनुभवपत्रावर खाटांची संख्या लिहून घ्या. हिपॅटायटिस-बी ची लस कॉलेजात असतानाच पूर्ण करा: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. सुई टोचली तर दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच, त्याच तासात, कळवायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकं चांगलं. लाजेपायी दोन दिवस गप्प बसलेली मुलगी मी पाहिली आहे.

आणि घर. याबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, नाईट बंद कर नाहीतर नोकरी सोड. मी सिस्टरना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, त्या बाबांना फोन करून बायकांच्या हक्कांवर भाषण देतील. त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, "भाऊ, एकदा नागपूरले या न. संध्याकाळी या, मुलीची ड्युटी पाहून जा." बाबा आले, धोतर-टोपीत. मे महिना होता, उष्माघाताचे दोन पेशंट त्याच संध्याकाळी आलेले. आम्ही काखेत, मानेशी बर्फाच्या पिशव्या लावत होतो, ओली चादर, वर पंखा. बाबा दाराशी बाकावर दीड तास बसून होते. सिस्टरनी त्यांना चहा पाठवला, बोलल्या मात्र काहीच नाहीत. जाताना बाबांनी विचारलं, "रात्री घरी कोणासोबत जाते?" मी म्हटलं, नाईट असली की सकाळीच जाते, रूममेटसोबत. त्यांनी मान हलवली. हो म्हटलं नाही, पण विषय पुन्हा काढला नाही.

सिस्टर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आता नव्या मुली माझ्याकडे येतात. परवाच्या नाईटला भंडाऱ्याची एक मुलगी होती, दुसराच आठवडा. मला न विचारता एका पेशंटला तिसऱ्यांदा टोचत होती. वॉर्ड भरलेला, मी सकाळपासून न झोपलेली, डोकं फिरलं. तरातरा गेले आणि तोंडातून निघालं, "अगं, आम्हाला कोणी..."

तिने मान वर करून पाहिलं. मी वाक्य तिथेच तोडलं, तिच्या हातातला टूर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) घेतला, आणि तिचा डावा अंगठा पेशंटच्या कातडीवर ठेवला.